ओट्स की पोहे हे भांडण सोडा, आधी मूग भिजत घाला

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एकीचं पत्र आलंय, लांबलचक, मुलगा झोपल्यावर फोनवर टाइप केलेलं. नाव देत नाही. लिहिते, "काकू, नवऱ्याचा एचबीएवनसी, म्हणजे ती तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ६.२ आला, डॉक्टर म्हणाले प्रीडायबेटिस आहे, डायबेटिसच्या अलीकडची पायरी, डाएट बघा. तो तर जाड पण नाहीये. तेव्हापासून रोज सकाळी घरात भांडण. मी ओट्सचं पाकीट देते, त्याला पोहे हवेत, सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात, त्या म्हणतात पोह्यांनी कधी कुणाला काही झालंय का. सगळ्यात मी एकटीच वाईट ठरते." पुढे अजून तीन प्रश्न आहेत: मुलगा मराठी शाळेला नको म्हणतो, सासूबाईंना दिवसभर करमत नाही, आणि ठाण्यात घोडबंदरला फ्लॅट घ्यावा का. त्यांच्याकडे शेवटी येते.

अगं, वाईट कशाला ठरशील. जीव जळतो म्हणूनच करतेयस ना. तिकडे नवरा आजारी पडला तर ऑफिस, मुलगा, इन्शुरन्सचे फोन सगळं आपल्याच डोक्यावर, ते काय तुला मी सांगायला हवं? पण एक बोलणारच. तू ते पाकीट उलटं करून वाचलं नाहीयेस. तुमच्याकडे लेबलवर वरून घातलेली साखर वेगळी लिहिलेली असते, २०२० पासून मोठ्या कंपन्यांना ते लिहावंच लागतं. फ्लेवरवाल्या इन्स्टंट ओट्सच्या एकावेळच्या बऱ्याच छोट्या पाकिटांत ती १० ते १२ ग्रॅम निघेल. चार ग्रॅम म्हणजे एक चमचा, म्हणजे तू नवऱ्याला सकाळी अडीच-तीन चमचे साखर देतेस, वर संत्र्याचा ज्यूस देत असशील तर एका ग्लासात अजून वीसेक ग्रॅम. चहातली साखर बंद केली म्हणून खुश व्हायचं आणि ही अशी मागच्या दाराने आत घ्यायची, हे काही बरोबर नाही. साधे जाड ओट्स, ज्यांना शिजायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, ते चांगलेच आहेत, त्यातल्या फायबरने कोलेस्टेरॉलला पण मदत होते. पण तेसुद्धा शेवटी धान्यच.

आणि माझं म्हणणं इथेच आहे, गेली कित्येक वर्षं भेटेल त्याला सांगत असते. ओट्स काय, पोहे काय, उपमा, इडली, ब्रेड, पोळी-चहा, सगळं धान्यच आहे. आपल्या मराठी नाश्त्यात डाळ नसते ही खरी अडचण आहे. शंभर ग्रॅम कोरड्या पोह्यांत प्रोटीन जेमतेम ६-७ ग्रॅम, तेवढ्याच मुगडाळीत २४ च्या आसपास. इडलीत उडीद असतो म्हणशील, पण तीन वाट्या तांदळाला एक वाटी उडीद, त्यात किती येणार. साबुदाण्याचं तर बोलूच नको, तो नुसता स्टार्च. इथली, म्हणजे भारतातल्या आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संस्थेची २०२४ ची गाइडलाइन पण हेच सांगते, धान्यातून ४५ टक्क्यांच्या वर कॅलरी नकोत आणि डाळी, कडधान्यं, मांस यातून साधारण १५ टक्क्यांपर्यंत याव्यात. आपल्या घरात डाळ येते कधी, तर दुपारच्या भातावर पातळ वरण म्हणून.

नाश्त्यालाच एवढा हट्ट का, तर पहाटे शरीरात कॉर्टिसोल वगैरे हार्मोन वाढतात, लिव्हर रक्तात साखर सोडायला लागतं, त्यामुळे ज्याची शुगर आधीच काठावर आहे त्याला सकाळचं नुसतं धान्य जास्त बाधतं. आमच्या घरात हे डोळ्यांनी बघितलंय. मिसिसागाहून परत ठाण्याला आलो, पाचपाखाडीत घर लावलं, आणि थोड्याच दिवसांत आमच्या ह्यांची शुगर निघाली. मी ग्लुकोमीटर आणला आणि नाश्त्याचा पहिला घास घेतल्यापासून बरोब्बर दोन तासांनी बोट टोचायला लावायचे. केळं घातलेल्या इन्स्टंट ओट्सवर आकडा १८० च्या पुढे जायचा, मुगाच्या धिरड्यावर १४० च्या आत. माणूस तोच, वेळ तीच. त्यानंतर आमच्याकडे वाद संपला. तू पण मीटर आण, नवऱ्यालाच वहीत लिहू दे, म्हणजे बायको सांगते म्हणून नाही, मशीन सांगतंय म्हणून ऐकेल.

"जाड पण नाहीये" म्हणतेस, त्याच्यावर अजिबात जाऊ नकोस. तुमच्याकडची डायबेटिस असोसिएशन इतरांना बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ झाला की तपासायला सांगते आणि आपल्या आशियाई लोकांना २३ लाच, कारण आपली चरबी हातापायावर न दिसता पोटात आत साठते. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ हा प्रीडायबेटिसचा पट्टा, ६.२ म्हणजे अजून हातात आहे, पण आरामात बसण्यासारखं पण नाही.

तर आता धिरडं. सालीची मूग डाळ घ्यायची, तुमच्याकडे देशी दुकानात पाकिटावर मूग छिलका लिहिलेलं असतं. दोघांना वाटीभर पुरे, रात्री जेवणाची भांडी आवरताना भिजत घालायची. सकाळी साल न काढता, पाणी बेताचं ठेवून, आलं, मिरची, लसूण, जिरं घालून मिक्सरमधून काढायची, अगदी गंध करायची नाही, बोटाला थोडी रवाळ लागली पाहिजे. त्यात मूठभर चिरलेला पालक नाहीतर किसलेला दुधी, मीठ, हळद. तवा नीट तापू दे, पाण्याचा शिपका मारला की चर्र झालं पाहिजे, मग गॅस कमी करून पळीभर पीठ मधोमध टाकून वाटीच्या बुडाने गोल फिरवत पसरायचं, कडेने अर्धा चमचा तेल, वर झाकण. कडा आपोआप सुटल्या की मगच उलटायचं, आधी उलथनं घालून ओरबाडलं की तुटतं आणि मग माणसं म्हणतात आम्हाला जमत नाही. आंबवायची भानगड नाही म्हणून न्यू जर्सीच्या थंडीत पण होतं. पीठ फ्रिजमध्ये दोन दिवस आरामात टिकतं.

पोहे बंद करू नकोस गं, त्या माणसाचा एवढा एक आनंद आहे. पोहे निम्मे कर आणि शेजारी वाटीभर मोडाच्या मटकीची उसळ दे, आधी उसळ खायची आणि मग पोहे, या क्रमाने पण साखर कमी चढते. शेंगदाणे, मटार सढळ हाताने घाल, बटाटा वगळ. मटकीला थंडीत मोड येत नाहीत ही सगळ्यांची तक्रार असते, माझी लेक कॅल्गरीला राहते, ती फडक्यात बांधलेली मटकी ओव्हनमध्ये ठेवते, ओव्हन बंद आणि आतला दिवा तेवढा चालू, त्या दिव्याची ऊब पुरते. दारावर "आत मटकी आहे" अशी चिठ्ठी चिकटवते, नाहीतर जावई पिझ्झा करायला ओव्हन तापवायचे. बघ, आपली मिसळ म्हणजे मुळात मटकीची उसळच, इकडे ठाण्याला आलात की मामलेदारची मिसळ खायला जालच, जा, खुशाल खा, फक्त पाव एकावर थांबवायला सांग आणि उसळ परत मागून घ्या. अंडी चालत असतील तर घाईच्या दिवशी दोन अंडी, विषय संपला. चहाबरोबर खारी आणि ती डायजेस्टिव्ह नावाची बिस्किटं मात्र घरात आणूच नकोस, नावावर जाऊन लोक चार-चार खातात.

एक महत्त्वाचं, तुझ्या नवऱ्याला अजून गोळ्या नाहीत असं पत्रावरून वाटतं. पण हे वाचणाऱ्यांपैकी कोणी इन्सुलिनवर असेल किंवा शुगर खाली आणणाऱ्या काही गोळ्यांवर असेल, तर धान्य एकदम निम्मं करू नका, शुगर फार उतरू शकते, आधी डॉक्टरांना विचारा.

सासूबाईंना करमत नाही ना, मग हे डाळ भिजवायचं, वाटायचं, मोड आणायचं खातं त्यांच्याकडे दे, आणि खरंच दे, मागे उभी राहून सूचना करू नकोस. पोह्यांनी काही झालं नाही म्हणतात ते त्यांच्या काळापुरतं खरंही आहे, तेव्हा माणसं स्टेशनपर्यंत चालत जायची, तुझा नवरा गराजमधून गाडीत आणि गाडीतून खुर्चीत. हे त्यांना चिडून न सांगता मीटरचा आकडा दाखव, आई आहेत त्या, मुलाचं भलं त्यांना पण हवंय.

मुलाच्या मराठी शाळेचं म्हणशील तर यंदाचं वर्ष पुरं करू दे, मधूनच काढू नकोस, आणि आजीशी रोज मराठी बोलणं होतंय तोवर फार टेन्शन घेऊ नकोस.

फ्लॅटचं घाईत ठरवू नका. पुढच्या वेळी जुलैमध्ये या, भर पावसात संध्याकाळी सात वाजता कापूरबावडीहून गायमुखपर्यंत घोडबंदर रोडने गाडी काढा, आणि सोसायटीत उन्हाळ्यात टँकर किती येतात ते वॉचमनला विचारा, ब्रोकरला नाही.