वाचकांचे प्रश्न : शेततळे झाले, अनुदान कुठे अडले?

प्रश्न : आमची दोन हेक्टर जमीन दर्यापूर तालुक्यात खारपाणपट्ट्यात आहे. विहिरीचे पाणी खारे असल्याने आम्ही राज्य शासनाच्या महाडीबीटी या अनुदान पोर्टलवर अर्ज करून, मंजुरी मिळाल्यानंतर गेल्या उन्हाळ्यात शेततळे खोदले. मोजमाप झाले, फोटोही काढून नेले. आता पोर्टलवर अनुदान वितरित झाल्याचे दिसते. परंतु अर्जासोबत ज्या खात्याचे पासबुक जोडले होते, त्यात रक्कम नाही. कार्यालय बँकेकडे बोट दाखवते आणि बँक कार्यालयाकडे. काय करावे? – एक शेतकरी, जि. अमरावती

उत्तर : रक्कम बहुधा आपल्याच नावावर जमा झालेली असावी, फक्त दुसऱ्या खात्यात. थेट लाभ हस्तांतरणात पैसे पासबुकावरील क्रमांक पाहून नव्हे, तर आधार क्रमांक पाहून पाठवले जातात आणि ज्या बँकेशी आपला आधार सर्वांत शेवटी जोडला गेला, त्या बँकेत ते पोहोचतात. मधल्या काळात पीककर्जासाठी किंवा अन्य कारणाने आपण दुसऱ्या बँकेत खाते उघडले असेल आणि तेथे दिलेल्या कागदांत अनुदानासाठी आधार जोडण्याच्या संमतीपत्रावर सही केली असेल, तर पहिल्या बँकेची जोडणी तिथेच संपते. केवायसीसाठी आधारची झेरॉक्स देणे आणि अनुदानासाठी आधार जोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे काउंटरवर फारसे कोणी समजावून सांगत नाही.

पीएम-किसानचा दोन हजारांचा हप्ता कोणत्या खात्यात येतो, ते आधी पाहावे. शेततळ्याची रक्कमही बहुतेक वेळा तेथेच सापडते. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती तपासता येते. तेथे दिसणाऱ्या बँकेत जाऊन पासबुक भरून घ्यावे. तरीही रक्कम दिसली नाही, तरच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करून व्यवहार क्रमांक मागावा. तोंडी चौकशीत दोन्हीकडून पुन्हा तेच ऐकावे लागेल.

प्रश्न : शेजाऱ्याने मंजुरीची वाट न पाहता जेसीबी लावून तळे खोदले. त्याला अनुदान मिळेल का?

उत्तर : नाही. वैयक्तिक शेततळ्यासाठी आकारमानानुसार कमाल 75,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळते. पण पूर्वसंमतीआधी खोदलेला खड्डा योजनेच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. शासन खर्च आधी देत नाही, झालेल्या कामाची भरपाई करते, आणि ते काम मंजुरीनंतरचे असावे लागते. जेसीबी मिळाला म्हणून घाई करणाऱ्यांची पत्रे आम्हाला दर उन्हाळ्यात येतात. पूर्णा खोऱ्यातील चिकण काळी माती पाणी बऱ्यापैकी धरून ठेवते, त्यामुळे तळे वाया जाणार नाही. मात्र पाणी आत येते तेथे गाळ अडवणारा लहान खड्डा ठेवावा. वाहून आलेली माती तळ्यात साचत राहिली, तर पाण्यासाठी जागा उरत नाही.

प्रश्न : सातबारा अजून वडिलांच्या नावावर आहे, ते मागील वर्षी वारले. अर्ज मी करू शकतो का?

उत्तर : आधी तलाठ्याकडे वारसनोंद करून घ्यावी. फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर आपले नाव लागल्यावरच अर्ज भरावा, आणि भाऊ-बहिणींची नावेही लागली असतील, तर त्यांचे संमतीपत्र अर्जासोबत जोडावे.