हॉस्पिटलचं बिल क्रेडिट कार्डाने भरण्याआधी

अनेक आशीर्वाद.

इमर्जन्सी रूमचं बिल बघून धसका घेऊ नकोस, आणि घाईने ते क्रेडिट कार्डाने तर मुळीच भरू नकोस. अमेरिकेत वैद्यकीय थकबाकीला जी सवलत मिळते, ती कार्ड घासलंस की संपली. मग ते नुसतं कार्डाचं कर्ज. हप्ता महिनाभर थकला की क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे तुझ्या कर्जफेडीच्या नोंदवहीवर, डाग. काउंटरवर पुढे करतात ते 'मेडिकल क्रेडिट कार्ड'ही त्यातलंच.

सवलत अशी: वसुली कंपनीकडे गेलेलं वैद्यकीय बिल थकल्यापासून वर्षभर इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या कंपन्या रिपोर्टवर घेत नाहीत. चुकतं केलेलं बिल 2022 पासून काढून टाकतात, आणि मूळ रक्कम 500 डॉलरच्या आत असेल तर 2023 पासून ते दिसतच नाही. "आता मेडिकल बिलं रिपोर्टवर येतच नाहीत" असं कुणी सांगेल, त्यावर विसंबू नकोस. तसा केंद्रीय नियम जानेवारी 2025 मध्ये झाला होता. जुलैत टेक्सासच्या फेडरल कोर्टाने तो रद्द केला.

म्हणजे हाताशी एक वर्ष आहे. आधी तपशीलवार बिल मागव, नुसता बेरजेचा कागद नको. विमा कंपनीचा ईओबी (एक्सप्लनेशन ऑफ बेनिफिट्स, म्हणजे विम्याने किती दिले आणि तुझ्यावर किती उरले याचा कागद) त्याच्या शेजारी ठेव. ईओबी हे बिल नव्हे, पण त्यात 'पेशंट रिस्पॉन्सिबिलिटी'पुढे जो आकडा आहे तोच हॉस्पिटलने मागायला हवा. जास्त मागितला असेल, किंवा ईओबी आलाच नसेल, तर क्लेम विम्याकडे पोचला का ते विचार. मेंबर आयडीतला एक अंक चुकला तरी सगळी रक्कम पेशंटच्या माथी येते.

हॉस्पिटल नॉन-प्रॉफिट असेल तर 'फायनान्शियल असिस्टन्स'चा, म्हणजे बिलात सूट मिळवण्याचा, अर्ज नक्की भर. पहिल्या बिलापासून 240 दिवस मुदत असते. बिल वसुलीला गेलं तरी त्या मुदतीत अर्ज घ्यावाच लागतो. इतकं असूनही कमी पगाराची माणसं हा अर्ज मागतच नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

वसुलीवाल्यांचं पत्र आलंच तर फोनवर काही कबूल करू नकोस. 30 दिवसांच्या आत लेखी हरकत घे, सर्टिफाइड मेलने. रिपोर्टवर चुकीची नोंद दिसली तर त्या क्रेडिट रिपोर्ट कंपनीकडेही कागद जोडून तक्रार कर. साधारण 30 दिवसांत त्यांना छडा लावावा लागतो.

आणि भाड्याचं घर बदललंस की नवा पत्ता हॉस्पिटलला कळव. डॉक्टर, लॅब आणि अँब्युलन्स यांची बिलं बहुतेकदा वेगळी येतात, त्यांनाही कळव.