लाकडी लाँच, उजनीचं पाणी आणि सोलापूरचं ऊन

प्रश्न : कोकणातल्या खाडीत वापरलेली 36 फुटी जुनी सागवानी मोटरलाँच घेतली आहे. दुरुस्त करून उजनीच्या जलाशयात सोडायची आणि तिच्यावरच राहायचं, असा बेत आहे. सध्या ती टेंभुर्णीजवळ पत्र्याच्या शेडमध्ये आहे. फेब्रुवारीत फळ्या एकमेकींना चिकटून होत्या, आता एप्रिलअखेर फटीत नाणं जातं. सुतार म्हणतात, सूत ठासून भरा आणि वरून लांबी (पुट्टी) फासा. करावं का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आत्ता अजिबात ठासू नका. पाण्यात असताना फळीत 25 ते 30 टक्के ओल असते. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्यात ती 6 टक्क्यांच्या आसपास उतरते. सागवान इतर लाकडांपेक्षा कमी हलतं, तरी एवढ्यात 15 सेंटीमीटर रुंदीची फळी 3 ते 6 मिलिमीटर आकसते. नेमकं किती, ते ओंडक्यातून ती कशी कापली आहे त्यावर ठरतं. या फटी सुतानं गच्च भरल्या की पाण्यात गेल्यावर फळ्यांना फुगायला जागाच उरत नाही. मग खिळे उपसतात, फळ्या बाहेर येतात आणि आतले वाक (फळ्यांना आतून धरणाऱ्या वाकवलेल्या लाकडी फासळ्या) खालच्या वळणावर तडकतात. फट भरायला दोन दिवस लागतात, तडकलेले वाक बदलायला सहा महिने.

उन्हाळा तपासणीत घालवा, लाकूड कोरडं असताना दोष नीट दिसतात. लाकडी हातोडीनं फूटभर अंतरावर ठोकत जा. आवाज टणक आला तर पुढे सरका, बद्द आला तर तिथे दाभण टोचा. कूज पाण्याखालच्या फळ्यांत कमी आणि वरच्या बाजूला जास्त सापडेल : डेकच्या कडेखाली, खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत, मागच्या टोकाला, संडास आणि टाकीच्या खाली. कारण साधं आहे. खारं पाणी बुरशीला आवरतं, पावसाचं गोडं पाणी तिला पोसतं. आता लाँच कायमची गोड्या पाण्यात राहणार, त्यामुळे डेकची गळती आधी बंद करा. तळाची पाळी नंतर.

कुजलेला भाग दिसतो त्याच्या पुढे किमान 15 सेंटीमीटर, चांगलं लाकूड लागेपर्यंत कापा. नवा तुकडा तिरक्या सांध्यानं जोडा. फळी 25 मिलिमीटर जाड असेल तर सांध्याचा उतार निदान 200 मिलिमीटर लांब हवा. कुजक्या लाकडावर इपॉक्सी ओतून काम भागत नाही, आत कूज चालूच राहते. वाक बदलायचे असतील तर एक बदला, शेजारचे तसेच ठेवा. पाच-सहा ओळीनं एकदम काढले की बुडाचा आकार जातो आणि तो परत येत नाही.

खिळे ठिकठिकाणचे थोडे काढून बघा. लोखंडी खिळ्याभोवती लाकूड काळं आणि मऊ पडलं असेल तर तिथली पकड संपलेली आहे. त्याच भोकात जाड खिळा ठोकण्यापेक्षा भोक लाकडी खुंटीनं बुजवा आणि बाजूला चांगल्या लाकडात सिलिकॉन ब्राँझचा स्क्रू घ्या. पितळ नको, त्यातलं जस्त निघून जातं आणि स्क्रू गुलाबी, ठिसूळ होतो. पाण्याखाली स्टेनलेसही नको. ओल्या लाकडात हवा न मिळाल्यानं ते आतल्या आत खड्डे पडून तुटतं.

तोवर लाकूड आणखी सुकू देऊ नका. पत्र्याखाली शेडनेट ताणा, पॉलिहाऊसमधले फॉगर सकाळ-संध्याकाळ चालवा. आत बुडाशी जुन्या सोलापुरी चादरी ओल्या करून पसरा; जाड सुती असल्यानं त्या पाणी धरून ठेवतात. कोपऱ्यात पाणी साचू मात्र देऊ नका.

सूत भरायचं ऑगस्टमध्ये, हवेत ओल असताना. सूतगिरणीतला सैल, लांब धाग्याचा पेळू चालतो, पिळाचं सूत नको. आधी फट साफ करून प्रायमर लावा, मग पेळू हलक्या हातानं बसवा. वर मऊ राहणारं कंपाउंड भरा, पण फळीच्या पातळीपेक्षा 2 मिलिमीटर खाली थांबा. फळ्या फुगल्या की ते बाहेर सरकतं, त्याला ती जागा लागते. शिशाचा लाल प्रायमर वापरू नका. बुडाला जीव चिकटू नयेत म्हणून लावतात तो तांब्याचा अँटिफाउलिंग रंगही इथे नको. गोड्या पाण्यात बुडाला चिकटणारे समुद्री शिंपले किंवा लाकूड पोखरणारा समुद्री किडा नसतो, आणि सोलापूर शहर हेच पाणी पितं.

पाण्यात उतरवताना पहिले दोन-तीन दिवस क्रेनचे पट्टे काढू नका. दोन पंप, दोन वेगळ्या बॅटऱ्यांवर ठेवा. सुरुवातीला पाणी आत येणारच, ते दिवसागणिक कमी व्हायला हवं. आठवड्यानंतरही धार एकाच ठिकाणी तशीच असेल तर तिथे खिळा किंवा फळी गेलेली आहे.

प्रश्न : बाहेरून फायबरग्लास चढवलं तर हा सगळा त्रास वाचेल का?
– एक वाचक, पंढरपूर

उत्तर : नाही. खाली फळ्या हलत राहतात, वरचं कवच हलत नाही, आणि सागाच्या तेलकटपणामुळे पॉलिएस्टर रेझिन त्यावर नीट धरत नाही. दोन-तीन उन्हाळ्यांत ते सुटतं. मग मधे अडकलेल्या पाण्यानं लाकूड आतून कुजतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

प्रश्न : लाँचवर कायम राहायचं तर गॅस, संडास आणि नांगरायची जागा यांचं काय?
– एक वाचिका, करमाळा

उत्तर : गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो बाहेर न जाता बुडाशी साचतो आणि पंपाच्या एका ठिणगीनं स्फोट होतो. सिलिंडर डेकवर, बंद पेटीत ठेवा. पेटीच्या तळाला भोक असावं आणि ते पाण्याच्या पातळीच्या वर, लाँचच्या बाहेर उघडावं.

संडासाला बंद टाकी हवीच. दोन माणसांना 100 लिटरची टाकी, कमी पाण्याचा संडास असेल तर, जेमतेम आठवडाभर पुरते. ती किनाऱ्यावर नेऊनच रिकामी करायची, साबणाचं पाणीसुद्धा थेट सोडायचं नाही. खाली लोक हेच पाणी पितात, इथे सवलत घेऊच नये.

जागा निवडताना उन्हाळ्यातली पातळी बघा. उजनीचं पाणी कित्येक मीटर उतरतं, काही वर्षी मृतसाठ्याच्याही खाली जातं. दिवाळीत खोल वाटणारी जागा मेमध्ये चिखल असते, आणि चिखलात कलंडलेल्या लाँचच्या फळ्या एका बाजूनं पिळवटून उघडतात. वरची अर्धी बाजू उन्हात सुकते ती वेगळीच. म्हणून नांगर जुन्या नदीपात्राच्या बाजूला टाका आणि जागा बदलता यावी म्हणून इंजिन बारा महिने चालू अवस्थेत ठेवा. त्याच्या पाण्याच्या गाळणीत जलपर्णी आणि गाळ अडकतो, ती प्रत्येक फेरीनंतर उघडून साफ करा. लाँच पाण्यात सोडण्याआधी जलसंपदा विभागाची परवानगी, तसंच लाँचची नोंदणी आणि तपासणीचा दाखला हातात हवा.