निर्णय पटत नाही, मग मान कसा द्यायचा?

एखाद्या पुढाऱ्याचा किंवा वडीलधाऱ्याचा निर्णय मनापासून चुकीचा वाटत असताना त्यांना मान देणे हे ढोंग नव्हे का, हा प्रश्न माझ्याकडे अनेक जण घेऊन येतात. कधी समोर मुख्याध्यापक असतात, कधी सरपंच, कधी देवस्थानाचे मानकरी. गाठ मात्र तीच असते. रत्नागिरीजवळच्या एका बंदरावरील तरुण बोटमालकाची हकिकत त्याच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून येथे मांडत आहे.

२०२३ साली अधिक श्रावण आल्यामुळे नारळी पौर्णिमा थेट ३० ऑगस्टला होती. पावसाळी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते, म्हणजे कायद्याने १ ऑगस्टपासून दर्या मोकळा होता. परंतु गावच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन, सत्तरी ओलांडलेले जुने तांडेल (बोटीचे मुख्य नाखवा), यांनी दर्याला नारळ वाहिल्याशिवाय गावातली एकही बोट बाहेर पडणार नाही असे ठरवले आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. या तरुणाच्या डोक्यावर बोटीचे कर्ज होते, नेपाळहून येणाऱ्या खलाशांना आगाऊ उचल देऊन झाली होती आणि शेजारच्या बंदरातल्या बोटी मासळी घेऊन परतताना त्याला रोज दिसत होत्या.

चेअरमनकाका धक्क्यावर दिसले की तो वाट बदलत असे. मोबाइलवरच्या गटात त्यांचा उल्लेख ‘म्हातारा’ असा करत असे, आणि रात्री मात्र त्याचा डोळ्याला डोळा लागत नसे. “मॅडम, रामराम घातला तर त्यांचं मला पटलं असा अर्थ होतो,” तो म्हणाला. “आणि नाही घातला तर घरी आई जेवत नाही.”

मी त्याला दोन कोरे कागद दिले. एकावर निर्णयाविषयी आणि दुसऱ्यावर त्या माणसाविषयी जे मनात येईल ते लिहायला सांगितले. पहिला कागद भराभर भरला: हप्ता, उचल, डिझेल, बर्फ, सगळे आकड्यांसकट. दुसऱ्या कागदावर तो पेन टेकवून इतका वेळ बसला की शाईचा ठिपका मोठा होत गेला, आणि मग त्याने एकच शब्द लिहिला: फयान. नोव्हेंबर २००९ मधील त्या वादळाच्या वेळी हा सोळा वर्षांचा मुलगा याच काकांच्या बोटीवर होता. वारा फिरताच काकांनी जाळे अर्धवट सोडून बोट जयगडच्या खाडीत घातली, तेव्हा सगळे खलाशी त्यांच्यावर चिडले होते आणि हाही चिडला होता. कोकणातले कित्येक मच्छीमार त्या वादळातून परतले नाहीत. कागद माझ्याकडे सरकवताना तो हळूच म्हणाला, “तेव्हाही त्यांनी कारण सांगितलं नव्हतं.” निर्णयापेक्षाही आपल्याला कुणी विचारले नाही, हे त्याला लागले होते, हे मला त्या वाक्यावरून उमगले.

माझी खोली रत्नागिरीतल्या टिळक आळीपासून चालत पाच मिनिटांवर आहे, त्यामुळे टिळक आणि गोखले यांचा विषय ओघाने निघाला. दोघेही याच जिल्ह्यात जन्मलेले. १९०७ च्या सुरत काँग्रेसमध्ये त्यांचे जहाल आणि मवाळ गट उघडपणे फुटले. तरीही फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले गेले, तेव्हा टिळक सिंहगडावरून पुण्यात आले आणि स्मशानभूमीत उभे राहून त्यांनी गोखल्यांचा मनापासून गौरव केला. मतभेद तेव्हाही मिटलेले नव्हते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बंदरात धोक्याचा बावटा लागलेला असताना चेअरमनांनी बोटी बाहेर काढायला लावल्या असत्या, किंवा सोसायटीच्या पैशाला हात लावला असता, तर मी या तरुणाला सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे तक्रार करायला सांगितले असते. मान राखण्याच्या नावाखाली अन्याय सोसण्याचा सल्ला मी कुणालाही देत नाही.

पुढच्या आठवड्यात तो संध्याकाळी काकांच्या पडवीत जाऊन बसला आणि त्याने कारण विचारले. ऑगस्टमध्ये खाडीच्या तोंडावर लाटा फुटतात, आपले तोंड शेजारच्या बंदराहून उथळ आहे आणि पौर्णिमा उलटली की दर्या निवळू लागतो, असे काकांनी सांगितले. त्याला ते अर्धेच पटले, कारण भरतीची वेळ साधून मोठ्या बोटी बाहेर काढता येतात असे त्याचे मत होते. ते त्याने सभेत उभे राहून मांडले आणि आपला विरोध इतिवृत्तात नोंदवण्याची विनंती केली. सचिव घुटमळले, तेव्हा काकांनीच “लिहा, शब्द न् शब्द लिहा” असे सांगितले. निर्णय मात्र बदलला नाही.

तो थांबला. ऑगस्टचा हप्ता उशिरा गेला, त्याचा दंड त्याने भरला आणि तो दंड त्याला अजूनही खटकतो. नारळी पौर्णिमेला काकांना हात देऊन बोटीवर चढवायला तो स्वतः पुढे झाला. २०२६ मध्ये पौर्णिमा पुन्हा उशिरा, २८ ऑगस्टला येत असल्याने त्याने सोसायटीला द्यायचा अर्ज आताच लिहून ठेवला आहे, आणि तो देण्याआधी पडवीत बसून काकांना वाचून दाखवणार असल्याचे त्याने शेवटच्या भेटीत मला सांगितले.