वाफा खणायचाच नाही?

प्रश्न : गोराईला आमची पाच गुंठ्यांची वाडी आहे. मुळा, पालक, लाल माठ करतो. न नांगरता भाजी होते म्हणतात. खरं का?

उत्तर : होते, ताई. नेरळला शेतकरी चंद्रशेखर भडसावळ्यांनी आपल्या सगुणा तंत्रात भात याच वाटेने नेला: गादीवाफे, म्हणजे उंच वाफे, एकदाच करायचे, पुढे नांगरणी, चिखलणी, लावणी काही नाही. मात्र त्यात तणनाशक येतं. भाजीत मी ते वापरत नाही.

माठ उपटू नका, जमिनीलगत कापा. मुळं आत कुजतात, त्यांच्या पोकळ्यांतून पाणी मुरतं, गांडुळं येतात. मुळा मात्र उपटावाच लागणार, तेवढं चालतं! वर चार बोटं पेंढा किंवा पालापाचोळा. पेरताना तो बाजूला सारून ओळ मोकळी करा, नाहीतर माठाचं बारीक बी वर येत नाही. पेंढा मातीत कालवू नका. कुजताना तो नत्र ओढतो आणि पालक पिवळा पडतो. मी हे करून पस्तावलोय.

लव्हाळ्याचं चिवट तण असेल तर आधी त्याच्या गाठी खणून काढा. तेवढ्यापुरती कुदळ माफ. पावसात आच्छादनाखाली गोगलगायी जमतात, संध्याकाळी वेचा. वाफ्यावर पाय देऊ नका, मुलांनाही सांगा.