व्हेंटिलेटर लावल्या लावल्या बीपी का पडतो? हृदय कमजोर असेल तर व्हेंटिलेटर धोक्याचा असतो का?

बीपी पडला की जो तो ट्यूब टाकताना दिलेल्या झोपेच्या औषधावर खापर फोडून मोकळा होतो, म्हणून लिहायला बसले. औषधाने पडतोच, नाही कुठे म्हणतेय. पण आपण स्वतः श्वास घेतो तेव्हा छातीतला दाब कमी होतो आणि रक्त हृदयाकडे ओढलं जातं, व्हेंटिलेटर हवा आत ढकलतो, म्हणजे सगळा उलटा कारभार. शिरांमधलं रक्त परत येतं तेच मुळात ७-८ मिलिमीटरच्या दाबावर. छातीत दाब वाढला की हृदयात येणारं रक्तच कमी, मग पंप बाहेर काय टाकणार!

मी रेसिडेंट असताना एका रात्री सीओपीडीचा (श्वासनळ्या आकसलेल्या राहतात तो जुनाट आजार) पेशंट आला, श्वासनलिकेत ट्यूब टाकली आणि घाईत बॅगिंग सुरू, म्हणजे हाताने पिशवी दाबून हवा भरणं, मिनिटाला तीसेक वेळा तरी. बीपी ७०, मग ५५. सीनियर ओरडले, नॉरअॅड (बीपी वाढवायचं औषध) लावा, सलाइन जोरात सोडा. माझं लक्ष छातीकडे, फुगलेली ती फुगलेलीच, खाली बसेचना. अशा फुफ्फुसातून हवा निघायला वेळ लागतो, आधीची निघायच्या आत पुढची भरली की दाब साठत जातो, ऑटो-पीप म्हणतात तो हाच. मी सरळ बॅग ट्यूबपासून काढली. फुस्स करून हवा निघतच राहिली, मी मनात वीसपर्यंत मोजलं, आणि मॉनिटरवरची, धमनीतला बीपी दाखवणारी आर्टेरियल लाइनची चपटी पडलेली रेघ हळूहळू उठायला लागली. १०० च्या वर गेला बीपी. मग मिनिटाला दहा-बाराच श्वास ठेवले, परत पडला नाही. सीनियर सगळ्यांसमोर म्हणाले, बघ, नॉरअॅड लागू पडलं.

कमजोर हृदयाचं म्हणाल तर डावी बाजू कमजोर आणि फुफ्फुसात पाणी असेल तेव्हा हाच दाब उपयोगी पडतो, डाव्या कप्प्याला रक्त बाहेर टाकायला जोर कमी लागतो, म्हणून तर सतत दाबाने हवा देणारा सीपॅपचा मास्क लावतात. उजवी बाजू कमजोर असेल तर मात्र जपून.

आणि हो, ट्यूबपासून सर्किट (हवा देणारी नळी) काढायची आयडिया अडकलेल्या हवेसाठीच, एआरडीएसमध्ये (फुफ्फुसांना तीव्र सूज) पीप (श्वास सोडल्यावरही मुद्दाम राखलेला दाब) जास्त ठेवलेला असताना काढलं तर फुफ्फुसं मिटतात. काढूनही बीपी उठला नाही तर न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा) बघा. नातेवाइकांनी कशालाच हात लावू नये, हे वेगळं सांगायला नको.

बाकी सर, नॉरअॅडची सिरिंज तेव्हा सिस्टरच्या हातातच होती, लाइनला लागलीच नव्हती.