‘हॉटेल कॅलिफोर्निया’ सोडलं तर ईगल्सची ऐकण्यासारखी गाणी कोणती?

‘सोडलं तर’ वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवला.

ईगल्स या अमेरिकन रॉक बँडचं ते गाणं त्याच नावाच्या ज्या अल्बममध्ये आहे तो आला डिसेंबर १९७६मध्ये. त्याच वर्षी फेब्रुवारीत ईगल्सच्या आधीच्या दहा गाण्यांचा संग्रह निघाला होता आणि अमेरिकेत त्याचा खप ‘हॉटेल कॅलिफोर्निया’हून जास्त आहे. आता बोला.

ही दहा गाणी मी १९८९मध्ये सांगलीत कॅसेटवर भरून घेतली होती. होस्टेलवर माझा रूम पार्टनर कोल्हापूरचा. दोन वर्षं गिटार शिकलेला, म्हणजे सोलो सोडून काही ऐकू न येणारा. एकदा मेसमध्ये जेवताना मी त्याला म्हटलं, “‘टेक इट इझी’ नीट ऐक, मागं बेंजो वाजतोय.” झालं. हा अख्ख्या टेबलाला ऐकू जाईल असा ओरडला, “बेंजो? वरातीतला व्हय रं?”

आपल्याकडे बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, गणपतीपुढे कर्ण्यातून ‘नागीण’ वाजवायची. अमेरिकेतला बेंजो वेगळा. डफासारखं कातडं, त्यावर लांब दांडी, पाच तारा. पाचवी तार आखूड, ती अंगठ्यानं छेडत राहायची, की सूर टपटप पावसासारखे पडतात. हे तेव्हा समजावणार कसं? दाखवायला फोटोसुद्धा नव्हता. पुढे डिग्री मिळेपर्यंत माझं नाव ‘बेंजो पार्टी’. मेसचे मामासुद्धा तेच म्हणायचे.

‘टेक इट इझी’तला तो बेंजो ईगल्समधल्या बर्नी लेडनचा. गाणं बँडबाहेरच्या जॅक्सन ब्राउन या गायक-गीतकारानं सुरू केलं, अडलं, ते ईगल्सच्याच ग्लेन फ्रायनं पुरं केलं. त्यात ॲरिझोनातल्या विन्स्लो गावाचा उल्लेख आहे, तेवढ्यावर त्या गावानं कोपऱ्यावर पुतळा उभारला. पण गाणं पळतं ते लेडनच्या बोटांवर. १९७५च्या शेवटी तो बाहेर पडला, कारण बाकीच्यांना रॉककडे जायचं होतं. त्याच्या जागी रॉक गिटारवाला जो वॉल्श आला. पार्टनरच्या मते खरे ईगल्स तिथून सुरू होतात. माझ्या मते गाडी तिथं हायवेला लागली आणि गाव मागं राहिलं.

बरं, तुमचा प्रश्न. ‘जर्नी ऑफ द सॉर्सरर’ ऐका. शब्द नाहीत, सहा मिनिटांहून मोठं, लेडनचा बेंजो आणि व्हायोलिनं. पुढे बीबीसीनं ते एका रेडिओ मालिकेला लावलं. ‘टेक इट टू द लिमिट’ ऐका, ते गाणाऱ्या, बँडच्या बेसवादक रँडी माइझनरसाठी. शेवटचा तो उंच सूर रोज लागेल की नाही याची त्याला धास्ती असायची. त्यावरून भांडणं झाली आणि १९७७मध्ये तोही बँडमधून बाहेर पडला. ‘डेस्पेराडो’ सगळे सांगतातच. मला ते जरा रडकं वाटतं.

आणि ‘सेव्हन ब्रिजेस रोड’, १९८०च्या लाइव्ह अल्बममधलं. गाणं त्यांचं नव्हे, स्टीव्ह यंगचं. सुरुवातीला पाच गळे एकत्र, जवळजवळ वाद्यांशिवाय. कार्यक्रमाआधी गळा तापवायला ते हे गात. हो, यात लेडन नाही. आणि ‘हॉटेल कॅलिफोर्निया’च्या शेवटी बँडचा दुसरा गिटारवाला डॉन फेल्डर आणि वॉल्श यांच्या गिटारींची जुगलबंदी सुरू झाली की मीही आवाज वाढवतो. हे पार्टनरला कळता कामा नये.

‘टेक इट इझी’ मात्र हेडफोन लावून ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर नको. बेंजो ऐकू आला तर खाली प्रतिसादात तसं स्पष्ट लिहा. स्क्रीनशॉट मला होस्टेलच्या ग्रुपवर टाकायचा आहे.